प्रौढांचे ऑनलाइन शिक्षण आणि वर्ध्याचा जुना अनुभव

शिक्षणाचे वय कोणते, या प्रश्नाचे उत्तर आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. एके काळी नोकरी लागली की पाठ्यपुस्तके माळ्यावर जात आणि ती पुन्हा खाली उतरत ती मुलांसाठी. आज चाळिशी उलटलेल्या लिपिकालाही नवी कार्यपद्धती शिकल्यावाचून गत्यंतर नसते. शिक्षकाला बारा वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी पदरात पाडून घ्यायची तर विहित प्रशिक्षण पुरे करावे लागते. २०२२ मध्ये राज्यात हे प्रशिक्षण ऑनलाइनच घेण्यात आले. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये 'मिशन कर्मयोगी' मंजूर करून आपल्या कर्मचाऱ्यांना भ्रमणध्वनीवर धडे देण्यास आरंभ केला. त्याआधी ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' या व्यासपीठाचे उद्घाटन झाले होते आणि देशातील नामवंत संस्थांच्या प्राध्यापकांची व्याख्याने कोणालाही विनामूल्य ऐकण्याची सोय झाली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये पदवीच्या एका सत्रातील शेकडा ४० पर्यंत श्रेयांक 'स्वयम्'मधून मिळविण्यास मुभा दिली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मान्यताप्राप्त संस्थांच्या ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदव्यांशी समकक्ष असल्याचे जाहीर केले. दार उघडण्याच्या बाबतीत शासनाने हात आखडता घेतला, असे कोणास म्हणता येणार नाही.

प्रश्न दारातून आत शिरलेल्यांचा आहे. हार्वर्ड विद्यापीठ व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या दोन संस्थांनी 'एडएक्स' या व्यासपीठावर चालविलेल्या अभ्यासक्रमांची सहा वर्षांची आकडेवारी जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेस-वालिएन्ते या दोन संशोधकांनी तपासली. त्यांचा निष्कर्ष जानेवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नाव नोंदविणाऱ्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे शेकडा ५२ लोकांनी, अभ्यासक्रमाचे पहिले पानसुद्धा उघडले नव्हते. २०१७-१८ या वर्षात अभ्यासक्रम तडीस नेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ३.१३ होते आणि २०१४-१५ मध्ये ते सहाच्या आसपास होते. म्हणजे अनुभव वाढला, तंत्र सुधारले आणि तरीही तडीस जाणाऱ्यांचे प्रमाण घसरले. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांच्यात मात्र ते शेकडा ४६ होते. पैसे भरल्यामुळे माणूस शिकतो, असा या आकड्याचा अर्थ लावणे घाईचे होईल. ज्याचा निश्चय पक्का असतो तोच पैसे भरतो, हेही तितकेच खरे. तथापि जगातील सर्वोत्तम अध्यापक फुकट मिळाले तरी शंभरातील सत्त्याण्णव जण वाटेतच थांबतात, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

हे आकडे परदेशी संस्थांचे आहेत हे खरे. पण ज्या कारणांनी ते तसे आले, ती कारणे वर्धा जिल्ह्यात अधिक तीव्रतेने हजर आहेत.

फुकटाची किंमत

अर्थशास्त्रात एखाद्या वस्तूची किंमत तिच्यावर छापलेल्या रकमेवरून ठरवीत नाहीत. ती मिळविताना काय सोडून द्यावे लागले, यावरून ती ठरते. आठ तालुक्यांच्या वर्धा जिल्ह्यात, समजा, आर्वीच्या एखाद्या कार्यालयात काम करणारा एक लिपिक आहे. सायंकाळी सहानंतर त्याच्या हाती जे दोन-तीन तास उरतात, तेवढेच त्याचे भांडवल. त्यातच घरची शेती असली तर तिची उस्तवार, मुलांचा अभ्यास, आईवडिलांचे दवाखाने, आणि लग्नसराईत तर तेही तास त्याच्या मालकीचे राहत नाहीत. आठवड्याला चार-पाच तास मागणारा अभ्यासक्रम त्याच्या दृष्टीने कधीच विनामूल्य नसतो. अभ्यासक्रम आखणाऱ्याने व्याख्यानाचे चित्रण, साठवण आणि प्रसारण यांचा खर्च हिशेबात धरला. शिकणाऱ्याच्या सायंकाळचा खर्च धरला नाही. आणि जो खर्च हिशेबातच नसतो, तो कमी करण्याचा प्रयत्नही कोणी करीत नाही.

वेळापत्रकाचेच पाहा. 'स्वयम्'ची सत्रे जानेवारी आणि जुलै अशी सुरू होतात. जुलैच्या सत्राचा उत्तरार्ध आणि परीक्षा ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान येतात. वर्धा जिल्ह्यात हाच काळ सोयाबीनच्या मळणीचा आणि कापसाच्या वेचणीचा. ज्या घरात नोकरी आणि शेती दोन्ही आहेत, आणि जिल्ह्यातील पुष्कळ शिक्षक व लिपिक अशाच घरांतले आहेत, त्या घरातील माणूस नेमका परीक्षेच्या तोंडावर गळतो. त्याच्या आळसाला दोष देणे सोपे आहे, पण दिल्लीत बसून ठरविलेल्या सत्राला वेचणीचा हंगाम ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते आणि तिला शुल्कही पडते. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातील उमेदवाराच्या वाट्याला नागपूरचे केंद्र आले तर प्रवासखर्च आणि एक दिवसाची रजा ही त्यात मिळवावी लागते. ज्ञान घरपोच आले, प्रमाणपत्रासाठी मात्र एस.टी. पकडावी लागते.

भाषेचा अडसर वेगळाच. अनेक अभ्यासक्रमांची व्याख्याने इंग्रजीत आहेत. मराठीसह भारतीय भाषांत त्यांची रूपांतरे करण्याचा उपक्रम सुरू झाला आहे आणि तो स्वागतार्ह आहे. पण संहिता वाचून दाखविणे आणि शंका आपल्या भाषेत विचारता येणे यांत अंतर आहे. शंका विचारायलाच कोणी नसेल तर भाषा कोणतीही असून काय उपयोग!

आणि साधनाचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील शेकडा ६१.५ पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे आढळले. स्त्रियांत हे प्रमाण शेकडा ३८ होते. त्यानंतरच्या वर्षांत त्यात वाढ झाली असणार हे उघड आहे. परंतु घरात एकच चांगला फोन असेल तर तो कोणाच्या हाती राहतो, हे ठरविणारा नियम शिक्षण खात्याचा नसतो.

चिमण्या प्रमाणपत्रांचा थवा

सक्तीच्या शिक्षणाची कथा याहून निराळी आणि काहीशी विनोदी आहे. जेथे वेतनवाढ किंवा पदोन्नती प्रमाणपत्राला बांधलेली असते, तेथे अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचे प्रमाण डोळे दिपविणारे असते. ध्वनी बंद करून चित्रफीत चालू ठेवावयाची आणि दुसऱ्या हाताने उत्तरपत्रिका तपासावयाच्या, शेवटी पर्यायी प्रश्नांची उत्तरे सहकाऱ्याला विचारून भरावयाची, ही रीत शिक्षकांच्या खोलीत आणि कचेरीत सर्वांना ठाऊक आहे. तिची उघड चर्चाही चालते, कारण तीत कोणाला काही वावगे वाटेनासे झाले आहे. येथे शंभरातील सत्त्याण्णव जण तडीस जातात आणि बहुधा तितकेच जण कोरडे राहतात.

मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये नोकरीच्या बाजारातील 'संकेता'चा सिद्धान्त मांडला. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्यात या कामाचा मोठा वाटा होता. मालकाला उमेदवाराची कुवत दिसत नाही, म्हणून तो पदवी पाहतो; आणि पदवीला किंमत येते ती कुवत नसलेल्याला ती मिळविणे जड जाते म्हणून. हे जडपण नाहीसे झाले की संकेत पुसट होतो. ज्या कार्यालयात प्रत्येकाच्या फायलीत दहा-दहा ऑनलाइन प्रमाणपत्रे आहेत, त्या कार्यालयात अकरावे प्रमाणपत्र कोणाच्याही नजरेत भरत नाही. याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो खरोखर शिकलेल्याला. रात्री जागून लेखाकर्माचा किंवा संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम ज्याने मन लावून पुरा केला, त्याचे प्रमाणपत्र आणि ध्वनी बंद करून मिळविलेले प्रमाणपत्र ही एकाच रंगाच्या कागदावर छापलेली असतात.

खाजगी कंपन्यांनी याच गोंधळात आपली दुकाने थाटली. नोकरीची हमी, हप्त्यांवर शुल्क आणि मोठ्या विद्यापीठांची नावे, अशी त्यांची जाहिरात असते. जानेवारी २०२२ मध्ये अनुदान आयोगाला जाहीर सूचना काढून सांगावे लागले की, अशा कंपन्यांना हाताशी धरून मताधिकारी पद्धतीने अभ्यासक्रम चालविण्यास विद्यापीठांना परवानगी नाही. ही सूचना किती उमेदवारांच्या वाचनात आली असेल, हा भाग निराळा.

टपालाचे विद्यापीठ

वास्तविक दूर बसलेल्या, नोकरीधंदा करणाऱ्या प्रौढांना शिकविण्याचा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. इंटरनेटच्या अर्धशतकापूर्वी याच गावाने तो मोठ्या प्रमाणावर हाताळला होता आणि या अनुभवाकडे शिक्षणतज्ज्ञांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

१९३६ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे अधिवेशन डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली नागपूरला भरले आणि त्याच वर्षी वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना झाली. हिंदी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा प्रांतांतील लोकांना ती शिकविणे हे समितीचे काम. तिने प्रारंभिक, प्रवेश, परिचय, कोविद, रत्न अशा चढत्या परीक्षांची शिडी उभारली. परीक्षार्थी शाळकरी मुले होती तसे प्रौढही होते : दुकानदार, कारकून, शिक्षक, गृहिणी, शिपाई. समितीच्या कामाची पाळेमुळे गुजरातपासून आसामपर्यंत पसरली. पुढे जानेवारी १९७५ मध्ये नागपुरात पहिले विश्व हिंदी संमेलन भरले, त्याचे यजमानपद याच समितीकडे होते. भाषेच्या धोरणावरून त्या काळी जे वाद झाले, गांधीजींनी १९४२ मध्ये हिंदुस्थानी प्रचार सभा वेगळी काढली आणि १९४५ मध्ये साहित्य संमेलनाचा त्याग केला, तो इतिहास मोठा आहे. त्याचा येथे विचार नाही. येथे पाहावयाचे ते एवढेच की, एका जिल्ह्याच्या ठिकाणाहून, टपालखात्याखेरीज कोणतेही यंत्र हाती नसताना, देशभरच्या प्रौढांना पायरी पायरीने शिकविणे शक्य झाले ते कशामुळे.

पुस्तके आणि परीक्षा यांची व्यवस्था वर्ध्याहून होई, हे खरे; परंतु शिकविणे वर्ध्याहून होत नसे. ते गावोगावचा प्रचारक करी. हा प्रचारक बहुधा स्वतः नोकरी करणारा असे. सायंकाळी शाळेचा एखादा वर्ग, देवळाचा सभामंडप किंवा स्वतःच्या घराची ओसरी हे त्याचे विद्यालय. कोण आला नाही हे त्याला ठाऊक असे, आणि का आला नाही हेही बहुधा ठाऊक असे. दोन दिवस खंड पडला की तो वाटेत गाठून विचारी. परीक्षेचे केंद्र फार लांब नसे. प्रश्नपत्रिका बाहेरून येई आणि उत्तरपत्रिका अनोळखी माणूस तपाशी, त्यामुळे प्रचारकाच्या ओळखीचा तेथे उपयोग होत नसे. शिकविणारा जवळचा आणि तपासणारा दूरचा, ही ती रचना. आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांनी तिची नेमकी उलटापालट केली आहे. शिकविणारा दूर पडद्यावर आणि सक्तीच्या प्रशिक्षणात उत्तर सांगणारा शेजारच्या खुर्चीत!

हा अनुभव एकाकी नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. बारावीची पायरी न चढलेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी अभ्यासक्रमाची वाट त्याने काढली, स्वयंअध्ययनाची पुस्तके मराठीत लिहून घेतली आणि महाविद्यालयांतून अभ्यासकेंद्रे उघडली. सुटीच्या दिवशी तेथे संपर्कसत्रे भरत. विदर्भात कित्येक अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि शाळा अर्धवट सोडलेल्या स्त्रिया पदवीपर्यंत पोहोचल्या त्या याच वाटेने. या केंद्रांपैकी सर्वच उत्तम चालली असे नव्हे. काही केंद्रे शुल्क भरून घेण्याच्या खिडकीपलीकडे गेली नाहीत, आणि जेथे केंद्र नुसती खिडकी झाले तेथे निकालही तसाच लागला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटीचे उदाहरण तर अगदी अलीकडचे. हा अभ्यासक्रम संगणकावरचा, पण तो शिकण्यासाठी गावातील केंद्रावर ठरलेल्या तासाला, ठरलेल्या तुकडीत जावे लागे. तालुक्याच्या बाजारपेठेतील एका गाळ्यात दहा-पंधरा संगणक आणि एक शिकविणारी मुलगी, एवढ्या सामग्रीवर लक्षावधी लोकांनी तो पुरा केला. त्यांत संगणकाला हात लावण्यास भिणारे, निवृत्तीला टेकलेले अव्वल कारकूनही होते. सक्ती होती म्हणून ते गेले, हे मान्य. पण गेल्यावर शिकले, ते शेजारी कोणी बसलेले होते म्हणून.

या पार्श्वभूमीवर सेवाग्रामची आठवण होणे स्वाभाविक आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना निघाली, हे सर्वांना माहीत असते. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी ही कल्पना सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती न ठेवता जन्मापासून मरणापर्यंत विस्तारली आणि प्रौढशिक्षण हे तिचे अंग ठरले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. 'निरंतर शिक्षण' हा शब्द आज नवा म्हणून मिरविला जातो, तो विचार या जिल्ह्यात तेव्हाच मांडला गेला होता. त्या विचारात शिक्षण माणसाच्या कामातून निघावे अशी अपेक्षा होती. जो हिशेब लिहितो त्याला हिशेबातून, जो कापूस पिकवितो त्याला कापसातून. आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या लांबलचक यादीत हिंगणघाटच्या जिनिंगमधील हिशेबनिसाला त्याच्या रोजच्या कामाचे काही सापडेल काय, याची शंकाच आहे.

या युक्तिवादावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. केंद्रावर जाणे सर्वांना जमत नाही. तान्हे मूल असलेली स्त्री, सेवाग्रामच्या रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका, पायाने अधू असलेला माणूस यांना घरी येणारे व्याख्यान हाच एकमेव मार्ग आहे. त्यांच्यासाठी तो असावा आणि अधिक सुलभ व्हावा, याबद्दल दुमत नाही. परंतु अशांचा एकटेपणा सर्वांत अधिक असल्याने सोबतीची गरजही त्यांनाच सर्वांत अधिक आहे. आठवड्यातून एकदा फोन करून चौकशी करणारा आणि अडलेले सांगणारा माणूस त्यांना मिळाला तर निम्मे काम होईल. बचतगटाची बैठक नाही तरी ठरलेल्या दिवशी भरतेच. एकाच गटातील चारपाच जणींनी एकच अभ्यासक्रम घेतला तर त्यांचे केंद्र त्यांच्याच ओसरीवर आहे.

म्हणून नव्या अभ्यासक्रमांवर खर्च करण्यापेक्षा शिकणाऱ्याच्या टोकाला थोडा खर्च करावा, हे अधिक फायद्याचे. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाख आणि साक्षरता शेकडा ८७ च्या घरात होती. अक्षरओळख झालेल्या प्रौढांची एवढी मोठी संख्या हाताशी असताना पुढची पायरी बांधण्याचा खर्च फार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ मध्ये झाला. त्याखाली शासनाचे अनुदान घेणारी वाचनालये राज्यात हजारोंनी आहेत आणि वर्धा जिल्ह्यातील तालुक्याची गावेही त्याला अपवाद नाहीत. इमारत आहे, बाके आहेत, वीज आहे. चार संगणक आणि इंटरनेटची जोडणी दिली की अभ्यासकेंद्र तयार. त्यावर नेमावयाचा मार्गदर्शक निवृत्त शिक्षक किंवा पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी असावा आणि त्याला अल्पसे मानधन मिळावे. विषयाचा तो पंडित नसला तरी चालेल. गैरहजर कोण हे त्याने पाहावे, एवढे पुरे. परीक्षा तालुक्याच्या महाविद्यालयात व्हावी, तपासणी बाहेरची असावी. परीक्षेचे शुल्क उत्तीर्ण होणाऱ्याला परत मिळावे आणि नोकरदाराला परीक्षेच्या दिवसाची रजा भरपगारी असावी. ही शेवटची मागणी मान्य होणे सर्वांत कठीण, कारण तिचा भार कार्यालयप्रमुखावर पडतो आणि इतर सर्व मागण्यांचा भार सरकारी तिजोरीवर.

निधीचा प्रश्न निघेल तेव्हा जिल्हा नियोजन समितीकडे बोट दाखविले जाईल आणि समिती शिक्षण खात्याकडे पाहील. तो पत्रव्यवहार व्हायचा तेव्हा होवो. एक गोष्ट मात्र कोणाच्याही मंजुरीवाचून करता येण्यासारखी आहे. अनेक गावांतली वाचनालये सायंकाळी ज्या वेळेस कुलूप लावतात, त्याच वेळेस नोकरी करणारा वाचक घरी पोहोचून हातपाय धुत असतो. हे कुलूप दोन तास उशिरा लावण्याचा निर्णय वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला आपल्या पुढच्या मासिक बैठकीत घेता येईल.